मांजराचा जमाखर्च

बैल विकत घ्यावयाचा झाला म्हणजे आमच्या वऱ्हाडातील शेतकरी चार बाजार पाहतो, जनावराचे दात मोजतो, खूर आणि खांदा तपासतो, वर्षभराच्या कडब्याची व ढेपेची बेगमी आपल्या घरी होईल की नाही याचा मनाशी अदमास घेतो, आणि मगच दलालाच्या रुमालाखाली हात घालतो. मांजराच्या बाबतीत मात्र यातील काहीच घडत नाही. शेजारच्या माळ्यावर व्यालेल्या भाटीचे एखादे पिल्लू मुले सदऱ्यात लपवून घरी आणतात, आई प्रथम रागावते व मग वाटीभर दूध ठेवते, आणि बारा-पंधरा वर्षे चालावयाचा एक संबंध कोणताही हिशेब न मांडता सुरू होतो. हा हिशेब आधी मांडला जावा, आणि तो बुलढाणा जिल्ह्यातील घराला लागू पडेल असा असावा, अशी माझी इच्छा आहे. कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना उद्देशून दिलेले आकडे व सल्ले देऊळगाव राजाच्या किंवा संग्रामपूरच्या घराला जसेच्या तसे उपयोगी पडत नाहीत, आणि माहितीच्या अभावी जे टाळता आले असते असे कितीतरी मृत्यू आपल्या डोळ्यांसमोर घडतात.

मांजराने आपल्या पोटाची सोय आपणच पाहावी, ही आपल्या पूर्वजांची अपेक्षा अन्यायाची नव्हती. पश्चिम आशियातील पहिल्या शेतकऱ्यांच्या धान्यकोठारांभोवती उंदीर जमले आणि उंदरांमागोमाग रानमांजर आले, असे या प्राण्याच्या सहवासाचे मूळ सांगितले जाते; सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले जे मांजर उत्खननात सापडले, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे आहे. ज्वारीच्या कणग्या, सरकीचे ढीग आणि मातीच्या भिंती असलेल्या वऱ्हाडी घरांत तोच करार अलीकडेपर्यंत चालू होता. या कराराची शास्त्रीय दखल घेणारा एक माणूस आपल्याच प्रांतात होऊन गेला, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १८९६ साली मुंबईत प्रकट झालेला प्लेग वऱ्हाडात पसरल्यानंतर, अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांच्या संख्येची आणि त्या गावांतील प्लेगच्या प्रादुर्भावाची तुलना केली, आणि घरोघर मांजर बाळगणे हा प्लेगच्या प्रतिबंधाचा एक उपाय होय, असे प्रतिपादन १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केले. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो हे तोवर सिद्ध होत आले होते. तेव्हा उंदीर कमी करणारा प्राणी हा सरकारी आरोग्यखात्याचा बिनपगारी नोकरच ठरत होता.

आज परिस्थिती पालटली आहे. सोयाबीन खळ्यावरून परस्पर बाजार समितीच्या आवारात जाते, घरचे धान्य पत्र्याच्या कोठीत बंद असते, घर सिमेंटचे झाले आहे, आणि मांजर आता मुख्यतः सोबतीसाठी पाळले जाते. त्याची जुनी मिळकत बंद झाली, म्हणून त्याच्या पोटाची व प्रकृतीची जबाबदारी न्यायतः आपल्यावर आली.

पहिली बाब आहाराची. आणि येथेच आपले अज्ञान सर्वांत जुने आहे. दूध आणि कुस्करलेली भाकर हे मांजराचे अन्न, अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दुधातील शर्करा नीट पचत नाही, आणि भाकरीत त्यांना ज्याची नितांत गरज असते ते नसते. कुत्रा भाकरी-वरणावर बऱ्यापैकी निभावून नेतो, कारण त्याची शरीररचना मिश्राहाराला सरावलेली आहे. मांजर मात्र निसर्गतः केवळ मांसाहारी आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, आणि ते मांस, मासळी व उंदीर यांतूनच त्याला मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले की, मांजरांच्या हृदयाचे स्नायू फुगून निकामी होण्याच्या एका प्राणघातक विकारामागे या टॉरीनची उणीव होती, आणि ती भरून काढताच त्यांतील अनेक मांजरे बरी झाली. ही उणीव डोळ्यांच्या पडद्यालाही कायमची इजा करते. पूर्वी भाकरीवर वाढलेले मांजर जगत असे, ते रात्री मारलेल्या उंदरांच्या बळावर. दार बंद करून घरात ठेवलेल्या मांजराला तोही आधार राहिला नाही.

चार किलो वजनाच्या प्रौढ मांजराला दिवसाकाठी दोनशे ते सव्वादोनशे किलोकॅलरी ऊर्जा लागते, आणि बाजारात मिळणारा कोरडा आहार शंभर ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे किलोकॅलरी देतो. म्हणजे रोजचे पंचावन्न-साठ ग्रॅम आणि वर्षाचे वीस ते बावीस किलो झाले. मध्यम प्रतीचा माल किलोला तीन-चारशे रुपयांच्या दराने धरला, तर ही रक्कम सालीना सहा ते नऊ हजारांच्या घरात जाते. ज्या घरी मांसाहार चालतो तेथे कोंबडीचे मांस, हृदय आणि अधूनमधून थोडे यकृत शिजवून देणे स्वस्त पडते. मात्र टॉरीन पाण्यात उतरते, म्हणून शिजवलेले पाणी ओतून न देता त्यासह खाऊ घालावे, आणि यकृत रोज देऊ नये, कारण त्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक हाडांना बाधतो. मीठ, कांदा व लसूण यांचा संपर्कही नको. माळकरी घरांनी किंवा ज्यांच्या स्वयंपाकघरात मांस येणे शक्य नाही अशा कुटुंबांनी बाजारचा तयार आहार आणावा. तोही मनाला पटत नसेल, तर मांजर पाळण्याचा विचार सोडून द्यावा, हे मी आदरपूर्वक परंतु निःसंदिग्धपणे सांगेन.

विष्ठेसाठी लागणाऱ्या तयार मातीचा खर्च शहरातील सदनिकेत बराच येतो. परसदार असलेल्या घरी तो उद्भवत नाही.

दुसरी बाब लसीकरणाची. पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की त्रिगुणी लसीची पहिली मात्रा, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ते चार महिन्यांचे होईपर्यंत पुढील मात्रा, बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, आणि वर्षाने पुनर्लसीकरण, असा साधारण शिरस्ता आहे. खासगी दवाखान्यात त्रिगुणी लसीची एक मात्रा हजार रुपयांच्या आगेमागे पडते. म्हणजे जंतांच्या औषधासह पहिल्या वर्षी तीन-चार हजार रुपये बाजूला काढावे लागतात. ही रक्कम ऐकून अनेकजण माघार घेतात. त्यांनी पॅनल्यूकोपेनिया नावाच्या रोगाने ग्रासलेले पिल्लू एकदा पाहावे. काल खेळत असलेले ते पिल्लू आज पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसते, तहान असूनही पाणी पीत नाही, फेसाळ पिवळी ओकारी करते, दोन दिवसांत त्याची कातडी चिमटीत धरली तर उचललेलीच राहते, आणि कान हातांना गार लागू लागतात. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर एकाच वेळी हल्ला करतो, त्यामुळे पोषण व प्रतिकार या दोन्ही वाटा बंद होतात. त्याच्यावर थेट औषध नाही. शिरेतून सलाईन, ओकारी थांबविणारी इंजेक्शने, प्रतिजैविके आणि आठवडाभराची शुश्रूषा एवढेच हाती असते, आणि लसीच्या कित्येक पट खर्च करूनही पिल्लू हाती लागेलच असे नाही. शिवाय घरात तो विषाणू वर्षभर टिकून राहू शकतो, म्हणून त्याच जागी आणलेले दुसरे पिल्लूही त्याच वाटेने जाते, आणि घरातील माणसे ‘आमच्याकडे मांजर लाभत नाही’ असे म्हणू लागतात. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला असलेल्या गावांत या लसीला आणखी एक प्रयोजन आहे, ते असे की हा विषाणू मार्जारकुळातील वन्य प्राण्यांनाही बाधू शकतो.

तिसरी बाब, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, निर्बीजीकरणाची. भाटी चार-सहा महिन्यांत वयात येते, नऊ आठवड्यांत विते, पिले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा हे चक्र फिरते. मग पोत्यात घालून पिले आठवडी बाजारात किंवा एखाद्या मंदिराच्या आवारात सोडून देण्याची वेळ येते, आणि ज्या घराने एका जिवाचा खर्च नाकारला ते घर वर्षाला दहा जिवांच्या दुर्दशेला कारण होते. खासगी पशुवैद्याकडे मादीची शस्त्रक्रिया काही हजार रुपयांची असते, नराची त्याहून कमी खर्चाची. परंतु हा खर्च आयुष्यात एकदाच करावयाचा आहे. गर्भाशयात पू होण्याचा विकार त्याने टळतो, लवकर केल्यास स्तनांच्या कर्करोगाचा संभव फार घटतो, आणि बोक्यांचे रात्रीचे झगडे, त्यांतून होणारी गळवे व जखमांतून पसरणारे विषाणुरोग कमी होतात. संततिप्रतिबंधक म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या देण्याची युक्ती काहीजण सुचवितात. ती स्वस्त असली तरी घातक आहे, कारण वर सांगितलेले दोन्ही विकार तिच्यामुळे वाढतात.

येथवरचे सर्व खर्च अंदाजपत्रकात बसणारे आहेत. ज्याची तरतूद कोणी करीत नाही तो खर्च आकस्मिक आजाराचा होय, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्याचे स्वरूप महानगरापेक्षा वेगळे आहे. एक उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, शेगाव हे तालुके तापलेले असतात. मांजर मूळचे कोरड्या प्रदेशातील असल्यामुळे पाणी कमी पिते व मूत्र घट्ट करते. त्यातच त्याला केवळ कोरडा आहार मिळत असेल, तर नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडे व चिकट स्राव अडकण्याचा धोका वाढतो. बोका कोपऱ्यात पुनःपुन्हा बसतो, कुंथतो, थेंब-दोन थेंब पडतात, तो ओरडतो व मागची बाजू चाटत राहतो. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाला, आणि ते एरंडेल पाजतात. प्रत्यक्षात पोटाखाली हात लावला तर लिंबाएवढा टणक गोळा लागतो. ते तुंबलेले मूत्राशय असते. आता वेळ तासांनी मोजावयाची असते, कारण दीड-दोन दिवसांत रक्तातील पोटॅशियम इतके वाढते की हृदय थांबते. भूल देऊन मूत्रमार्गात नळी घालणे, रक्ताची तपासणी, सलाईन, आणि दोन-तीन दिवस दवाखान्यात ठेवणे, हे उपचार जवळपास उपलब्ध नसतील, तर बुलढाण्याहून बोथ्याच्या जंगलातील घाटाने खामगाव आणि तेथून अकोला, असा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. अकोल्यास महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, आणि तिच्या चिकित्सालयाचा या विभागाला मोठा आधार आहे. परंतु रात्री ठरविलेली मोटार, बुडालेली मजुरी किंवा रजा, आणि मुक्काम यांचा खर्च उपचारापेक्षा कमी असतोच असे नाही.

काही अनर्थ मात्र एक पैसाही न खर्चता टाळता येतात, आणि ते येथे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. अंग गरम लागले म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. हे औषध निरुपद्रवी करण्याची जी प्रक्रिया माणसाच्या यकृतात होते ती मांजराच्या यकृतात फार दुर्बळ असते, आणि एक गोळीदेखील त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ करून त्याचा जीव घेऊ शकते. दुसरे, गोठ्यातील बैलांसाठी आणलेले गोचिडाचे औषध, विशेषतः पायरेथ्रॉइड वर्गातील, पिसवा मारण्यासाठी मांजराच्या अंगाला लावू नये. त्याने मांजराला झटके येतात. तिसरे, शेतात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवले असेल, तर ते काम संपून मेलेले उंदीर पुरेपर्यंत मांजर घरात कोंडून ठेवावे.

आता विम्याचा प्रश्न. आपल्या शेतकऱ्याला जनावराचा विमा अपरिचित नाही. कानात बारा अंकी बिल्ला, पशुवैद्याचा दाखला, जनावराचे छायाचित्र, आणि जनावर दगावल्यास कंपनीला वर्दी, शवविच्छेदनाचा अहवाल व बिल्ल्यासह दावा, हा क्रम चिखली-मेहकरच्या पशुपालकांना तोंडपाठ आहे, आणि बिल्ला हरवला तर दावा नामंजूर होतो हेही त्यांनी अनुभवाने जाणले आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातील २०२४ सालच्या फेरबदलानुसार लाभार्थ्याने हप्त्याचा केवळ १५ टक्के वाटा भरावयाचा असून उर्वरित भार केंद्र व राज्य उचलतात. परंतु त्या योजनेत मांजर नाही, आणि असण्याचे कारणही नाही. कारण बैलाचा विमा हा मालमत्तेचा विमा आहे, जनावर मेले असता त्याची बाजारभावाने किंमत मिळावी हा त्याचा हेतू. मांजराची बाजारभावाने किंमत शून्य. त्याच्या धन्याला भरपाई नको असते, ते वाचावे एवढेच त्याला हवे असते. म्हणून पाळीव प्राण्याचा विमा हा स्वभावतः माणसाच्या आरोग्यविम्याच्या जातीचा, म्हणजे उपचाराच्या बिलाची भरपाई करणारा असावा लागतो.

स्वीडनमध्ये घोडे व गुरे यांच्या विम्यापासून सुरुवात होऊन १९२४ साली कुत्र्याचा विमा उतरविण्यात आला, आणि ब्रिटनमध्ये १९४७ साली अशी पहिली पॉलिसी निघाली. त्या देशांत ही पद्धत आज सर्वसामान्यांच्या अंगवळणी पडली आहे. भारतात बजाज आलियान्झ कंपनीने २०२० साली कुत्र्यांसाठी व्यापक विमा आणला, आणि पुढे मांजरांसाठीही अशी पॉलिसी उपलब्ध झाली. पॉलिसी घेणाऱ्याने तिच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. विमा घेण्यापूर्वीचे आजार सामान्यतः वगळलेले असतात. ठराविक मुदत लोटल्यावाचून आजारपणाचा दावा करता येत नाही. प्राण्याच्या वयाला खालची व वरची मर्यादा असते. लसीकरण, निर्बीजीकरण व बाळंतपण यांचा खर्च बहुधा मिळत नाही. उलट, लस वेळेवर टोचलेली नसेल तर त्या रोगाचा दावाच फेटाळला जाऊ शकतो. प्रत्येक दाव्यात धन्याने सोसावयाची रक्कम निराळी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे कागद हवा: नोंदणीकृत पशुवैद्याने दिलेला केसपेपर, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल. आपल्याकडे बरेचसे उपचार अंगणात उभ्या उभ्या, चिठ्ठीवाचून होतात, आणि अशा उपचारांचा विम्याच्या दृष्टीने काहीच पुरावा राहत नाही.

सर्व बाजू पाहता माझा कौल असा आहे. ज्या शहरात शस्त्रक्रिया, सोनोग्राफी व अतिदक्षता यांची बिले पन्नास हजारांवर जाऊ शकतात, तेथे विमा शहाणपणाचा आहे. मांजरांच्या संसर्गजन्य पेरिटोनायटिसचेच उदाहरण घ्यावे, तर कोरोनाच्या दिवसांत घरोघर परिचित झालेल्या रेमडेसिव्हिरच्या कुळातील औषधाने एकेकाळी असाध्य असलेला हा रोग आता बरा होतो, परंतु त्याचा प्रचलित उपचारक्रम ८४ दिवसांचा असून तो फार खर्चिक आहे. बुलढाणा जिल्ह्यात मात्र विम्याने भरपाई करावी अशी सेवाच अनेक तालुक्यांत जवळ नाही, आणि खर्चाचा मोठा हिस्सा ज्या प्रवासाचा, तो विम्याच्या कक्षेत सहसा येत नाही. येथील देशी मांजराच्या धन्याने पोस्टात दरमहा दोनशे रुपयांची आवर्ती ठेव मांजराच्या नावाने मनाशी योजून ठेवावी. पाच वर्षांत बारा हजार रुपये व वर व्याज जमते, आणि अडीअडचणीला ते आपलेच असतात. अशा वेळी मुदतीपूर्वी मोडावी लागलेली ठेव व्याजात थोडा तोटा देईल, तो सोसावा.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हा गायी-म्हशींसाठीच आहे हा समज मनातून काढून टाकला पाहिजे. तेथील अधिकाऱ्याचा दिवस लम्पी व लाळ्या-खुरकुताच्या मोहिमांत आणि कृत्रिम रेतनात जातो हे खरे, मांजराची लस तेथे नेहमी उपलब्ध नसते हेही खरे. पण तो पदवीधर पशुवैद्य आहे, मांजराला तपासणे त्याच्या कामाचाच भाग आहे, आणि सेवाशुल्क नाममात्र आहे. दरवर्षी २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, ठिकठिकाणच्या सरकारी दवाखान्यांत रेबीजची लस विनामूल्य टोचण्याची शिबिरे होतात; तेथे कुत्र्यांच्या रांगेत मांजर घेऊन उभे राहण्यास संकोचण्याचे काही कारण नाही. आणि लस न टोचलेल्या किंवा अनोळखी मांजराने घरातील कोणाला ओरबाडले वा चावा घेतला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे माणसांची लस विनामूल्य मिळते, आणि रेबीज एकदा प्रकट झाल्यावर त्यातून वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

तेव्हा पिल्लू घरात आणण्यापूर्वी वाचकांनी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात एक फेरी मारावी आणि तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मांजराची त्रिगुणी लस कोठे मिळते, निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया कोण करतो, आणि रात्रीबेरात्री कोणाला हाक मारावी. उत्तरे मिळाली तर ती पिल्लाच्या केसपेपरवर लिहून ठेवावीत. न मिळाली तर जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्तांच्या नावे, मांजरांच्या लसीचा व शस्त्रक्रियेच्या नियमित दिवसाचा आग्रह धरणारा एक साधा अर्ज चार शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी अवश्य करावा.